पक्षीनोंदींची साइट ‘नवी’ झाली आणि बिघडली: वापरणाऱ्यांनी काय करावं, चालवणाऱ्यांनी काय करावं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गुहागरच्या किनाऱ्यावर तुम्ही बरीच वर्षं पक्षी बघता आणि कोकणातल्या हौशी निरीक्षकांनी मिळून चालवलेल्या एका साइटवर नोंदी टाकता. गेल्या महिन्यात साइटचं रूप बदललं. तेव्हापासून फोटो चढत नाहीत. जुन्या नोंदींच्या तारखा एक दिवस मागे दिसतात. ‘पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड’ शोधला तर काही नोंदी येतात, काही येत नाहीत. काही जुन्या टिपणांमधलं मराठी वाचताच येत नाही. आणि पानं जाऊन आता खाली खाली सरकत राहणारी यादी आली आहे. साइट चालवणारी मुलं म्हणतात, ‘थोड्या दिवसांत सवय होईल.’ सवय करून घ्यायची, भांडायचं, की नोंदी घेऊन दुसरीकडे जायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी रत्नागिरीत राहून छोट्या संस्थांच्या आणि हौशी मंडळांच्या साइट बांधतो आणि सांभाळतो. त्या अनुभवावरून सांगतो: तुमच्या पाच तक्रारींपैकी चार सरळ सरळ बिघाड आहेत. बिघाडाची सवय करून घ्यायची नसते, तो दुरुस्त करायचा असतो. पाचवी, म्हणजे सरकती यादी, हा कुणीतरी विचार करून घेतलेला निर्णय आहे. तो चुकीचा असू शकतो, पण त्यावर बोलायची रीत वेगळी. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात, एकाच रागात लिहिल्या की चालवणाऱ्याला त्यात फक्त ‘लोकांना बदल नको असतो’ एवढंच दिसतं आणि तारखांचा बिघाडही त्याच टोपलीत जातो. म्हणून आधी या दोन गोष्टी वेगळ्या करा.

त्याआधी एक सावधगिरी. साइट बिघडली की पहिला सल्ला मिळतो तो ‘कॅशे साफ कर’ असा. सल्ला चुकीचा नाही. नवी साइट आल्यावर ब्राउझर काही जुन्या फायली (त्यांचाच साठा म्हणजे कॅशे) धरून बसतो आणि जुनं-नवं एकमेकांत अडकतं. पण नोंदींच्या बऱ्याच साइट रेंज नसताना टाकलेली नोंद फोनमध्येच, ब्राउझरच्या साठ्यात ठेवतात आणि रेंज आली की पाठवतात. कोकणात ही सोय चैनीची नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या गावांत कित्येक दिवस वीज आणि फोन नव्हते, आणि एरवीही खाडीच्या काठाला, घाटाच्या वळणाला रेंज जातेच. तुम्ही ‘साइटचा डेटा साफ करा’ दाबलंत तर न पाठवलेल्या नोंदी कायमच्या जातील. त्यामुळे आधी ‘पाठवायच्या बाकी’ अशी यादी दिसते का बघा. दिसत असेल तर प्रत्येक नोंदीचा स्क्रीनशॉट घ्या. मग काहीही न पुसता ब्राउझरची खासगी खिडकी उघडून त्यात साइट चालवून बघा. तिथे नीट चालली तर दोष तुमच्या फोनमधल्या जुन्या फायलींचा. तिथेही तसंच झालं तर दोष साइटचा, आणि फोन साफ करून काहीच साधणार नाही.

फोटोंचं निदान सोपं आहे. जुना सर्व्हर, म्हणजे साइट ज्या संगणकावर ठेवलेली असते तो, बदलून नवा घेतला की त्यावरच्या मर्यादा मूळ पदावर येतात. पीएचपी या भाषेत (अशा बऱ्याच साइट तिच्यात लिहिलेल्या असतात) मुळात एका फायलीला २ एमबीची मर्यादा असते, आणि पुढे एनजिनएक्स हा पानं पाठवणारा प्रोग्राम असेल तर त्याची मूळ मर्यादा अवघी १ एमबी. आजच्या फोनचा फोटो सहज ४-५ एमबीचा असतो. जुन्या सर्व्हरवर कुणीतरी ही मर्यादा वाढवून ठेवली होती आणि नव्यावर वाढवायची राहिली, असंच बहुतेक झालं असणार. तपासायला एखादा फोटो व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवा. तो आकुंचन पावून लहान होतो. तो लहान फोटो चढला आणि मूळ फोटो अडला, तर रोग हाच. मात्र व्हॉट्सॲपमधून गेलेल्या फोटोतून वेळ आणि जागेची माहिती निघून जाते, म्हणून ही युक्ती तपासणीपुरतीच. नोंदीला मूळ फोटोच हवा. तुमच्याकडे आयफोन असेल तर आणखी एक शक्यता आहे. २०१७ पासून आयफोन फोटो जेपीजीऐवजी एचईआयसी प्रकारात ठेवतो आणि बऱ्याच साइटना तो प्रकार उघडता येत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की पुढचे फोटो जेपीजी होतात.

तारखांकडे मात्र नीट लक्ष द्या. फोटो नाही चढला तर तो तुमच्याकडे राहतो, पण तारीख बिघडलेली नोंद चुकीचीच होऊन जगात फिरते. तारखा बिघडण्याचे तीन प्रकार मी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत, आणि बाहेरून नुसतं बघूनही ते वेगळे ओळखता येतात.

सगळ्याच नोंदी एक दिवस मागे गेल्या असतील, तर कारण हे: तुम्ही १२ जानेवारी अशी तारीख दिली, संगणकाने ती ‘१२ जानेवारी, मध्यरात्रीचे १२’ अशी साठवली. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणजे त्या क्षणी प्रमाणवेळेत ११ जानेवारीचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. जुना प्रोग्राम भारतीय वेळेने वाचत होता, नवा प्रमाणवेळेने वाचतो आणि ११ दाखवतो.

फक्त पहाटेच्या नोंदी मागे गेल्या असतील आणि दिवसाच्या ठीक असतील, तर नोंदीची खरी वेळ साठवलेली आहे, पण ती प्रमाणवेळेत बदलून दाखवली जाते. पहाटे साडेपाचच्या आधीचं सगळं आदल्या दिवसात ढकललं जातं. घुबडांच्या आणि पहाटेच्या ओहोटीच्या नोंदी करणाऱ्यांना हे लगेच जाणवतं. आठ वाजता बाहेर पडणाऱ्याला वर्षभर कळणारही नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. दिवस आणि महिना यांची अदलाबदल. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकन पद्धतीत महिना आधी. ७ जानेवारीची नोंद १ जुलै होते. यात महिन्याच्या पहिल्या बारा तारखा तेवढ्या फिरतात. तेरा तारखेपासून पुढच्या एकतर बरोबर राहतात किंवा ‘तारीख चुकीची’ म्हणून अडतात. त्यामुळे सगळा साठा सरसकट उलटवून दुरुस्त करता येत नाही. पण आपल्याकडे एक फायदा आहे: पक्षी स्वतःच साक्ष देतात. ऐन पावसाळ्यात, १ जुलैला, गुहागरच्या पुळणीवर कुरवांचा शेकड्यांचा थवा दिसला असेल तर कुणाही निरीक्षकाला शंका येईल. हिवाळी पाहुण्यांच्या पावसाळ्यातल्या नोंदी वेगळ्या काढल्या की बाधा झालेल्या नोंदींचा पहिला गठ्ठा हाती लागतो.

तुमच्या वर्णनावरून तुमचा प्रकार पहिला वाटतो. तो असेल तर साठवलेली माहिती शाबूत आहे, फक्त दाखवण्यात चूक आहे. म्हणून कळकळीने सांगतो, तारखा हाताने दुरुस्त करू नका, आणि आपल्या गटातल्या कुणालाही करू देऊ नका. चार जणांनी आपापल्या नोंदी एक दिवस पुढे सरकवल्या आणि नंतर मुलांनी मूळ चूक काढली, तर त्या दुरुस्त केलेल्या नोंदी एक दिवस पुढे जाऊन बसतील, आणि कोणती हाताने बदलली होती हे कुणालाच सांगता येणार नाही. तुमच्या वहीतल्या तारखा आणि साइटवरच्या तारखा शेजारी शेजारी लिहिलेल्या दहा-बारा ओळी तेवढ्या पाठवा. त्यात पहाटेच्या, दुपारच्या, महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या आणि शेवटच्या आठवड्यातल्या अशा सगळ्या असू द्या. तिन्हींपैकी कोणता प्रकार आहे ते प्रोग्राम न उघडताही त्या ओळींवरून कळतं.

आता मराठीचं. ‘वाचता येत नाही’ म्हणजे नक्की काय दिसतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि इथे सगळं त्यावरच आहे. रिकामे चौकोन दिसत असतील तर चिंता नको. मजकूर आत नीट आहे, फक्त नव्या पानाने मागवलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. टोप्या आणि चिन्हं डोक्यावर घेतलेली रोमन अक्षरं एकापुढे एक दिसत असतील, प्रत्येक मराठी अक्षरामागे तीन-तीन, तर मजकूर चुकीच्या सांकेतिक पद्धतीने वाचला जातोय. यूटीएफ-८ या आजच्या सर्रास वापरातल्या सांकेतिक पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे साठवणीच्या तीन तुकड्यांचं, असतं आणि तो प्रत्येक बाइट वेगळं रोमन अक्षर समजला जातो. जुन्या डेटाबेसच्या कोष्टकावर ‘लॅटिन-१’ या रोमन अक्षरांच्या जुन्या पद्धतीची खूण आणि आत मात्र यूटीएफ-८ मजकूर, असं पूर्वी सर्रास असायचं. तो नव्या जागी हलवताना यंत्राने खुणेवर विश्वास ठेवून पुन्हा रूपांतर केलं की हे होतं. हे बहुतेक वेळा उलटवता येतं. पण ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या दिसत असतील, आणि साठवतानाच ती प्रश्नचिन्हं झाली असतील, तर तिथला मजकूर गेलेला आहे. तो परत आणण्याचा एकच मार्ग, बदलाच्या आधीचा बॅकअप. त्याबद्दल शेवटी सांगतो.

आणखी एक प्रकार जुन्या निरीक्षकांच्या टिपणांत सापडतो: युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची आजची सामाईक संकेतयादी, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर. तो फॉन्ट नसला की निव्वळ विस्कळीत रोमन अक्षरं दिसतात. हा नव्या साइटचा दोष नाही. त्यासाठी रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीच लागतात.

समुद्री गरुड अर्धाच का सापडतो, हे मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात बोलकं लक्षण वाटलं. ‘पांढऱ्या’ मधला ‘ऱ्या’ संगणकावर दोन रीतींनी लिहिला जातो. काही कीबोर्ड त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह, हलन्त आणि ‘य’ देतात. काही कीबोर्ड साधा ‘र’, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि ‘य’ देतात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडच्या नेहमीच्या प्रमाणीकरणातही ते एक होत नाहीत. म्हणजे एका निरीक्षकाने एका कीबोर्डवर टंकलेला गरुड दुसऱ्याला सापडत नाही. ‘पांढऱ्या छातीचा खंड्या’, ‘पांढऱ्या मानेचा करकोचा’, आपल्या पक्ष्यांच्या नावांत हा ‘ऱ्या’ ठायी ठायी आहे. खंड्या शोधला तर ‘धीवर’ नावाने टाकलेल्या नोंदी येतात का, तेही बघा.

पूर्वी हे सापडत होतं, याचा अर्थ जुन्या प्रोग्राममध्ये कुणीतरी कधीतरी दोन्ही ‘ऱ्या’ एक धरण्याची चार ओळींची सोय लिहिली होती. नवा प्रोग्राम कोरा लिहिताना ती राहिली. सगळं नव्याने लिहिण्यातला मोठा धोका हाच आहे. जुना प्रोग्राम कुरूप दिसतो, कारण त्यात अशा वर्षानुवर्षांच्या शेकडो लहान दुरुस्त्या साठलेल्या असतात, आणि त्यातली प्रत्येक कुणाच्या तरी खऱ्या अडचणीतून आलेली असते. त्यांची यादी कुठेच लिहिलेली नसते. ती वापरणाऱ्यांच्या हातात असते, म्हणून तुमच्यासारख्यांच्या तक्रारी हीच त्या यादीची एकमेव प्रत आहे.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मी सगळ्यात आधी तपासायला सांगेन. साइटमधून बाहेर पडा, म्हणजे लॉग-इन न करता, आणि समुद्री गरुडाच्या घरट्याची एखादी नोंद उघडा. नकाशावर नेमकं झाड दिसतंय का? जुन्या साइटवर घरट्यांच्या जागा ढोबळ दाखवण्याची सोय असेल आणि नव्यात ती सुटली असेल, तर आज किनाऱ्यावरचं प्रत्येक नोंदलेलं घरटं कुणालाही, कॅमेरा घेऊन येणाऱ्या गर्दीलाही, उघडं आहे. आयनॅचरलिस्ट ही निसर्गनोंदींची जागतिक साइट धोक्यातल्या प्रजातींची जागा आपोआप अंधुक करते: ०.२ अंशांच्या चौकोनात कुठेतरी, म्हणजे आपल्या भागात साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या टापूत. इबर्ड ही पक्षीनोंदींची जागतिक साइटही संवेदनशील पक्ष्यांच्या नोंदी लपवते. आपल्या साइटवर जागा उघडी दिसली तर पत्र लिहीत बसू नका, फोन करा, आणि दुरुस्ती होईपर्यंत नकाशाच बंद ठेवायला सांगा.

नकाशा बघताना दोन चुकाही सहज दिसतील. अक्षांश-रेखांश उलटे झाले तर रत्नागिरीची १७ उत्तर, ७३ पूर्व ही जागा ७३ उत्तर, १७ पूर्व होते आणि नोंद नॉर्वेच्याही उत्तरेच्या समुद्रात जाते. ही चूक लपत नाही. लपते ती दुसरी: १७ अंश ३० मिनिटं हे १७.५ ऐवजी १७.३० असं घेतलं गेलं तर नोंद सुमारे बावीस किलोमीटर दक्षिणेला सरकते, आणि किनाऱ्यावरच राहते.

आता सरकत्या यादीकडे येतो, आणि एकूणच ‘कुणी मागितलं होतं हे नवं रूप?’ या प्रश्नाकडे.

मुलांच्या बाजूचं आधी सांगतो, कारण ते खरं आहे. साइट आहे तशी ठेवणं हा पर्याय बऱ्याचदा नसतोच. पीएचपीच्या ७.४ आवृत्तीला नोव्हेंबर २०२२ नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत. होस्टिंगवाले, म्हणजे साइटसाठी सर्व्हर भाड्याने देणारे, ती काढून टाकतात आणि जुना प्रोग्राम एका सकाळी चालेनासा होतो. २०१८ मध्ये गूगल मॅप्सने नकाशांसाठी बिलिंग खातं सक्तीचं केलं, तेव्हा कितीतरी छोट्या साइटवरचे नकाशे काळवंडले आणि त्यांना ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाकडे वळावं लागलं. २०१७ मध्ये फोटो ठेवण्याच्या फोटोबकेट या साइटने फुकट खात्यांतले फोटो इतर साइटवर दाखवणं बंद केलं आणि त्या सोयीचे वर्षाला सुमारे ४०० डॉलर मागितले. जगभरच्या छंदांच्या साइटवरची वर्षानुवर्षांची चित्रं एका फटक्यात गेली. पदरचे पैसे घालून साइट चालवणाऱ्या मुलांवर हे सगळं बाहेरून कोसळतं. त्यांनी काम केलं नसतं तर कदाचित आज साइटच नसती.

पण आतली यंत्रणा बदलणं भाग होतं म्हणून बाहेरचं रूपही त्याच दिवशी बदललं पाहिजे, असं अजिबात नाही. माझा या व्यवहारातला सगळ्यात ठाम आग्रह हाच आहे. दोन्ही एकदम केलं की काही बिघडल्यावर कशामुळे बिघडलं ते कळत नाही, आणि वापरणाऱ्याच्या पायाखालची जमीनही त्याच वेळी सरकते. घर शाकारताना माणसं आत राहत असतात म्हणून आपण एका अंगाची कौलं उतरवतो, ती बाजू पुरी करतो आणि मगच दुसरीला हात घालतो; साइटमध्येही रोज नोंदी टाकणारी माणसं राहत असतात.

विणकाम आणि क्रोशाच्या छंदाची रॅव्हलरी ही साइट २००७ पासून चालते. जून २०२० मध्ये तिने नवं रूप आणलं. अनेक सभासदांनी डोकेदुखी, मायग्रेन, काहींनी तर झटके आल्याचंही कळवलं. साइटला जुनं रूप काही काळ पर्याय म्हणून चालू ठेवावं लागलं. ‘रंग आवडले नाहीत’ या वाक्याने जे झालं नसतं ते ‘हे पान बघितलं की मला उलटीसारखं होतं’ या वाक्यांनी घडवलं, आणि इतकं सांगूनही बऱ्याच जणी समाधानी झाल्या नाहीत. साइट बांधण्याच्या वर्डप्रेस या प्रोग्रामने डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आवृत्तीत लिहिण्याची पद्धतच बदलली, पण जुना एडिटर वेगळा जोडून घेण्याची सोय दिली. लाखो साइट आजही ती वापरतात आणि कुणाचं काही अडलं नाही.

म्हणून सरकत्या यादीबद्दल लिहिताना आवड-नावड बाजूला ठेवा आणि कोणतं काम अडलं ते लिहा. ‘पूर्वीचं छान होतं’ याला उत्तर नसतं. ‘२०१५ च्या डिसेंबरमधल्या माझ्या नोंदी बघायला पूर्वी तीन टिचक्या लागायच्या, आता यादी खाली ओढत राहावी लागते, मध्ये एखादी नोंद उघडून परत आले की यादी पुन्हा वरून सुरू होते’ याला उत्तर द्यावं लागतं. रेंजचंही लिहा. ६ एमबीचं पान अर्ध्या एमबीपीएसच्या रेंजवर उतरायला दीड मिनिटाहून जास्त लागतं, आणि वेळणेश्वरच्या खडकांवर उभं राहून दीड मिनिट फोनकडे बघणारा माणूस पक्षी बघत नसतो. नव्या रूपात फिकट राखाडी अक्षरं असतील तर दुपारच्या उन्हात पुळणीवर ती दिसतच नाहीत. संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत म्हणून जे जागतिक निकष आहेत, त्यांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ इतका उजेडाचा फरक सांगितला आहे. तो मोजायची साधनं फुकट आहेत. ओल्या बोटांनी लहान बटणं लागत नाहीत, हेही लिहा. टेबलावर मोठ्या पडद्यासमोर बसून बांधणाऱ्याला हे सुचत नाही, म्हणून सांगावं लागतं.

मुलांना हे उत्तर दाखवणार असाल तर त्यांच्यासाठी थोडं. जुनी साइट वेगळ्या पत्त्यावर, फक्त वाचण्यापुरती, काही महिने चालू ठेवा. तुलना करायला तीच लागेल. जुने पत्ते मोडू नका, प्रत्येक जुन्या नोंदीचा पत्ता नव्याकडे कायमचा वळवा, कारण लोकांनी ते वह्यांत, अहवालांत, माहितीफलकांवर दिलेले असतात. बदलांची टीप मराठीत लिहा आणि त्यात ‘काय काढून टाकलं’ हेही सांगा. पुढच्या वेळी पाच-सहा जुन्या सभासदांना आधी वापरायला द्या, त्यात एक तरी साठीच्या पुढचा आणि एक तरी स्वस्त फोनवाला असू द्या. आणि आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते, १९८७ पासून. नोव्हेंबरच्या शेवटापासून गणनेच्या नोंदी पूर्ण चढेपर्यंत साइटवर दुरुस्तीशिवाय काहीही बदलू नका. थंडीतले पाहुणे आलेले असताना प्रयोग नकोत. प्रयोगांना पावसाळा मोकळा आहे.

दुसरीकडे जावं का? माझं मत, जाऊ नका, पण तुमच्या नोंदींची प्रत मात्र आजपासून स्वतःकडे ठेवा. साइटवर ‘माझ्या नोंदी उतरवा’ अशी सोय असेल तर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी) फाइल घ्या. ती थेट एक्सेलमध्ये उघडू नका. मराठी बिघडतं आणि तारखा एक्सेल स्वतःच्या समजुतीने बदलतो. मूळ फाइल तशीच ठेवा, आणि बघायची असेल तर तिची प्रत एक्सेलच्या ‘डेटा’ विभागातून यूटीएफ-८ निवडून आत घ्या. सोय नसेल तर ती मागणं हीच तुमची पहिली मागणी असू द्या. माझी नोंद मला परत घेता आली पाहिजे, यात वाद नाही. पक्ष्यांच्या याद्या इबर्डवरही जरूर टाका. ती २००२ पासून चालू आहे, जगभरचे अभ्यासक ती माहिती वापरतात आणि तिथून स्वतःच्या नोंदी उतरवूनही घेता येतात. एकगठ्ठा चढवताना तिथे तारीख महिना-दिवस-वर्ष या क्रमाने लागते, वरचा तिसरा बिघाड आठवा. पण तुमच्या टिपणांत गावातली नावं आहेत, ‘रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या) वेळी सुरय जास्त येतात’ असं सांगणाऱ्या माणसांचं ज्ञान आहे. ते ठेवायला आपली मराठी साइटच हवी, म्हणून ती दुरुस्त करून घेण्यात तुमची शक्ती खर्च व्हावी असं मला वाटतं.

तक्रार कशी लिहायची, त्याचा एक नमुना देतो. एका पत्रात एकच बिघाड:

‘काय केलं: काल सकाळी साडेसातला माझी एक जुनी नोंद उघडली, तिचा पत्ता सोबत जोडला आहे. काय दिसायला हवं होतं: वहीप्रमाणे १२ जानेवारी. काय दिसलं: ११ जानेवारी. आणखी दहा नोंदींच्या तारखा वहीतल्या तारखांसह खाली दिल्या आहेत. फोन आणि ब्राउझर: अमुक कंपनीचा अँड्रॉइड, क्रोम. खासगी खिडकीतही तसंच दिसतं. मुलीच्या लॅपटॉपवरही तसंच दिसतं. मी कोणतीही तारीख हाताने बदललेली नाही.’

शेवटच्या तीन वाक्यांनी दुरुस्ती करणाऱ्याचा निम्मा वेळ वाचतो. दुरुस्ती झाली असं कळलं की त्याच नोंदी पुन्हा उघडून बघा आणि ‘झालं’ किंवा ‘अजून नाही’ असं उलट कळवा. फुकट काम करणाऱ्याला ते ऐकायला फार कमी मिळतं.

आता बॅकअप. बऱ्याच स्वस्त होस्टिंगवर जुने बॅकअप काही आठवड्यांत आपोआप पुसले जातात, आणि बदलाला एक महिना होऊन गेलाय. प्रश्नचिन्हं झालेली टिपणं असतील तर ती फक्त त्यातूनच परत येतील. म्हणून पत्र नंतर लिहा. आज मुलांना फोन करून एवढंच विचारा: बदलाच्या आधीच्या डेटाबेसची प्रत कुणाच्या संगणकावर उतरवलेली आहे का, आणि नसेल तर होस्टिंगकडे सगळ्यात जुनी प्रत कोणत्या तारखेची शिल्लक आहे? ती तारीख बदलाच्या आधीची निघाली तर बाकी कुठल्याही दुरुस्तीला हात लावण्याआधी ती प्रत उतरवून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायला सांगा.